मोगऱ्यावरच्या घोंगड्या

संक्रांत झाली आणि थंडी एकाएकी निघून गेली. आदल्या दिवसापर्यंत पहाटे बोटं आखडत होती, चुलीपुढून उठवत नव्हतं. आणि त्या सकाळी बानूबाईनं दार उघडलं तर अंगाला कोमट वारा लागला, चैत्रातला असावा तसा. लासुर्ण्याच्या शिवारात ऊसतोड चालली होती. पाचटाचा गोडसर वास येत होता. कालव्याच्या भरावावरच्या बाभळी एरवी ऊन वर येईपर्यंत धुक्यात बुडालेल्या असायच्या, त्या आज बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उघड्या दिसत होत्या. बानूबाई पदर सावरत उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, आता मोगरा जागा करायला हरकत नाही.

चुकलं ते तिथंच.

मोगरा म्हणजे काही मोठा मळा नव्हता. घरापासून हाकेच्या अंतरावर, चारी बाजूंनी उसाचं रान आणि मधोमध हा एवढासा तुकडा, ताटात उरलेल्या घासासारखा. बानूबाईचा नवरा जोतीराम याच्या घराण्यात पूर्वी सगळे मेंढरांमागं फिरायचे. पुढं पाटाचं पाणी आलं, जमीन भिजायला लागली, एकेका भावानं मेंढरं विकली आणि ऊस लावला. जोतीरामानंही विकली. पण जिथं वर्षानुवर्षं त्यांची वाघर लागायची, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं मेखांवर ताणलं जायचं, त्या जागेवर त्यानं नांगर फिरवू दिला नाही. हितं आपली माणसं बसायची, एवढंच म्हणाला. लेंडीखतानं ती माती काळी, भुसभुशीत झाली होती. काहीतरी लावायला तर हवंच, म्हणून त्यानं कोऱ्हाळे बुद्रुकच्या बहिणीच्या परड्यातून मोगऱ्याच्या फांद्या आणून रोवल्या. मेंढरांच्या मागं जन्म काढलेला माणूस, फुलझाडाला काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. मग त्यानं मेंढक्याचाच उपाय केला. दिवाळीनंतर मोगऱ्याचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि माघात त्यात मेंढरं सोडायची. मेंढरं पान न् पान खाऊन काड्या उघड्या करायची. मग विळ्यानं शेंडे छाटायचे, खुरपायचं आणि पहिलं पाणी द्यायचं. काड्यांना हिरवे डोळे फुटायचे, डोळ्यांमागून पानं, पानांमागून कळ्या. लोक आधी हसले. पुढं वालचंदनगरच्या बाया लासुर्ण्याच्या बाजारात बानूबाईच्या गजऱ्यांची वाट बघायला लागल्या.

जोतीराम गेल्यावर मोगरा बानूबाईकडं आला आणि तिच्याबरोबरच म्हातारा होत गेला. मागच्या साली फूल फार थोडं लागलं. तिचा मुलगा नागेश भवानीनगरला कारखान्यात कामाला होता; गाळप चालू असलं की रात्रपाळी करून उजाडता उजाडता लुनावर घरी यायचा. यंदा उभा ऊस तुटला की सगळं रान सलग करून सुरू ऊस, म्हणजे थंडीअखेरची लागण, लावायचं त्यानं ठरवलं होतं. त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. रानाच्या मधोमध हा तुकडा आला की ट्रॅक्टरला दोन्हीकडून वळसा पडायचा, सरी तुटायची, पाणी अडायचं.

"आणि तू वाकतीस त्या मोगऱ्यात," तो म्हणाला होता, "तुजी कंबर माज्या डोळ्यांपुढं मोडाया लागलीया."

"कंबर माजी हाय," बानूबाई म्हणाली, "तू कशाला धरून बसलायस?"

नागेशची बायको मनिषा भाकरी थापता थापता हसली आणि भांडण तिथंच विरलं. पण शब्द ठरला. शिवरात्रीपर्यंत मोगऱ्याला कळी दिसली तर तुकडा राहील. नाही दिसली तर मोगरा संपला असं समजायचं, आणि शिवरात्रीला येणारा ट्रॅक्टर सरळ जाईल. बानूबाईनं मान हलवली. शिवरात्र अजून लांब होती, आणि बाहेर वारा चैत्रासारखा कोमट होता.

दोन दिवसांनी भीमा मेंढरं घेऊन आला. भीमा म्हणजे जोतीरामाचा धाकटा चुलतभाऊ, आणि साऱ्या भावकीत कळप उरला होता तो त्याच्याकडंच. दरवर्षी तो माघात यायचा. यंदा इकडचा ऊस लवकर तुटला, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खायला मिळाले, म्हणून तो आधीच आला होता आणि पुढं कोऱ्हाळ्याकडं निघाला होता. आता सोडावीत मेंढरं की परतताना, हे विचारायला तो बांधावर टेकला.

मेंढरं तिथंच उभी होती. कोवळं ऊन पडलं होतं, वारा सुखाचा होता. अशा वेळी मेंढरू पांगतं, इकडं तिकडं तोंड घालतं. ही मात्र एकमेकांना अंग लावून, उत्तरेकडं पाठ करून, गच्च उभी होती. मेंढक्याच्या घरच्या पोराटोरालाही याचा अर्थ कळतो. बानूबाईनं आयुष्याची पहिली कितीतरी वर्षं याच खुणेवर बिऱ्हाड हलवलं होतं. तिनं ते पाहिलं, आणि पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"वैनी, थोडं दम धरा," भीमा म्हणाला. "ह्यास्नी थंडीचा वास आलाय."

"त्यास्नी थंडीचा आला, मला कळीचा आलाय. सोडा आत, भावजी."

भीमानं तिच्याकडं एकदा पाहिलं, शीळ घातली, आणि मेंढरं मोगऱ्यात शिरली. दुपारपर्यंत नुसत्या काड्या उरल्या. बानूबाईनं शेंडे छाटले, मनिषानं खुरपलं, आणि विहिरीचं पाणी सरीसरीनं आत शिरलं तेव्हा कोरड्या मातीचा जो वास उठला, त्यानं बानूबाईला भरून आलं. थोड्याच दिवसांत काड्यांवर डोळे फुटले, मोहरीएवढे, हिरवेगार. ती रोज सकाळी जाऊन ते बघत बसायची. वाकून नव्हे, आता ती खाली मांडीच घालायची.

मग आभाळ आलं. दोन दिवस ऊन दिसलं नाही, चार थेंब पडले, आणि आभाळ निवळलं तसा उत्तरेचा वारा सुटला. गेलेली थंडी काहीतरी विसरल्यासारखी परत आली. घरातल्या तेलाच्या बाटलीत तेल थिजलं. कालव्याच्या पाण्यावरून वाफा निघू लागल्या. सकाळी धुकं एवढं दाट पडायचं की रस्त्यावरच्या उसाच्या गाड्यांचे नुसते घुंगरू ऐकू यायचे, बैल दिसायचे नाहीत. आणि मोगऱ्याचे डोळे, ज्यांच्या अंगावर झाकायला एक पान उरलं नव्हतं, ते पेटत्या काडीनं डागल्यासारखे एकेक करून काळे पडू लागले.

बानूबाईनं पहाटे पाचट पेटवून धूर केला. द्राक्षबागवाले करतात तसा. पण वारा धुराला मोगऱ्यावर थांबू देईना; सगळा धूर शेजारच्या कुशाबाईच्या घरात गेला, आणि कुशाबाई खोकत बांधावर येऊन म्हणाली, "बानू, मोगरा शेकतीस का मला?" मग बानूबाईनं विहिरीचं पाणी सोडून पाहिलं. हिवाळ्यात विहिरीचं पाणी ऊनसर असतं, त्यानं मुळं तगली असतील, पण वरचे डोळे काळे पडायचे ते पडतच राहिले. गच्च उभी राहिलेली मेंढरं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. दिसलं होतं आपल्याला, हे तिला सारखं टोचायचं.

एका संध्याकाळी वारा फारच झोंबायला लागला म्हणून तिनं ट्रंक उघडली. तळाशी, कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यात, जोतीरामाची घोंगडी होती. काळी, जाड, एका कडेला पांढरी रेघ असलेली. ती पांघरून बानूबाई मोगऱ्याकडं गेली. कितीतरी वर्षांनी ते ओझं खांद्यावर आलं होतं. लोकर मानेला टोचली, आणि लगेच आत ऊब साठायला लागली, कुणीतरी शेजारी येऊन बसावं तशी. दिवस मावळत होता. कालव्यापलीकडच्या उसाच्या शेंड्यांवर धूसर निळं काहीतरी उतरत होतं. बानूबाई उभी राहिली, आणि तिला वाटलं की आपण एकटीच ऊब घेऊन उभ्या आहोत आणि ही समोरची झाडं उघडी. तिनं घोंगडी काढली आणि पहिल्या झाडावर घातली. झाडाच्या काड्या मोडू नयेत म्हणून बाजूला दोन काठ्या रोवल्या. मग कुडकुडत घरी आली. मनिषानं विचारलं तेव्हा ती चुलीत फुंकर घालत बसली.

सकाळी बाकी झाडांवर दहिवर गोठल्यासारखं पांढरं दिसत होतं. घोंगडीखालचे डोळे हिरवे होते.

त्या दिवशी बानूबाई मनिषाला घेऊन वस्तीवर घोंगड्या मागत फिरली. मेंढरं गेली तरी घोंगडी कुणी टाकली नव्हती, पण ती कुठं आहे हे बऱ्याच घरांना आठवावं लागलं. एका घरात ती माळ्यावर कणगीमागं निघाली. एका घरात गादीखाली. कारखान्यातून निवृत्त झालेल्या मोहनरावांच्या घरी त्यांच्या वडिलांची घोंगडी टीव्हीवर धूळ बसू नये म्हणून घातलेली होती. त्यांनी ती काढून दिली, पण बोलल्याशिवाय दिली नाही.

"बानूबाई, आज झाडास्नी पांघरूण घालताय, उद्या अंगाई म्हणाल."

"म्हणंन की. तुमी पाळणा हलवाया या," बानूबाई म्हणाली, आणि मनिषानं पदरात हसू लपवलं.

प्रयागबाई वस्तीत सगळ्यांत म्हातारी. तिला दिसत कमी होतं, पण तिची घोंगडी माळ्यावर नव्हती, गादीखाली नव्हती. तिच्या मांडीवरच होती. तिनं काय काम आहे ते दोनदा विचारून घेतलं. मग बराच वेळ बोटांनी घोंगडीची कड चाचपत राहिली. तिनं सांगितलं की तिची सगळी लेकरं याच घोंगडीवर झाली, कुणी घाटात, कुणी नदीकाठी, मेंढरं पुढं गेलेली असताना. आणि शेवटी म्हातारा गेला तेव्हा त्याच्या अंगावर हीच होती. हे सगळं सांगून झाल्यावर तिनं ती घडी करून बानूबाईच्या हातात दिली.

"धुवू मातूर नगं," ती म्हणाली. "त्यात त्येंचा वास हाय."

बानूबाईला ती घ्यावीशी वाटेना. पण म्हातारीनं हात मागं घेतला होता.

मग दर संध्याकाळी दोघी सासवासुना मोगऱ्यात जायच्या. माळ्यावरून वाघरीच्या जुन्या मेखा काढल्या होत्या. त्या झाडांच्या कडेनं रोवायच्या, वर घोंगडी टाकायची, वारा शिरू नये म्हणून कडेला ढेकूळ ठेवायचं. सकाळी ऊन आलं की काढायच्या, दहिवरानं जड झालेल्या त्या घोंगड्या बांधावर वाळत घालायच्या. मनिषाला पहिल्या दिवशी लोकरीच्या वासानं मळमळलं. नंतर तिला सवय झाली. मग ती विचारायला लागली की आत्या, ही कुणाची, ती कुणाची, आणि बानूबाई सांगत राहायची. ही मोहनरावांच्या वडिलांची. ते झोपेतही मेंढरं मोजायचे. ही कुशाबाईच्या सासऱ्याची. त्यांना लांडग्याची भीती वाटायची, पण कबूल करायचे नाहीत. सांगता सांगता अंधारून यायचं आणि दोघी घरी यायच्या.

नागेशनं यातलं काही पाहिलं नव्हतं. पाळी करून आला की तो झोपायचा, आणि उठेपर्यंत घोंगड्या निघालेल्या असायच्या. बांधावर काहीतरी वाळत घातलंय एवढं त्याला दिसत असेल. शब्द ठरलेला होता, त्यामुळं तो मोगऱ्याचं नाव काढत नव्हता. तीही काढत नव्हती.

पौर्णिमेनंतरची एक सकाळ. धुकं असं होतं की बानूबाईला स्वतःच्या पायांतली चप्पल नीट दिसेना. ती जोतीरामाची घोंगडी ठाकठीक करायला लवकर गेली होती, आणि रात्री वाऱ्यानं उडालेली एक घोंगडी तिनं उचलून स्वतःच्याच अंगावर घेतली होती. दम लागला म्हणून ती ओळीच्या टोकाला टेकली. आजूबाजूला सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात ओळीनं काळे आकार, गुडघे पोटाशी घेतलेले, डोकी झाकलेली. तिला झोप आली होती का जाग होती हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. तिला एवढंच कळत होतं की सगळे बसलेत. थोरले दीर बसलेत, कुशाबाईचे सासरे बसलेत, आणि पहिल्या जागी, पांढऱ्या रेघेची घोंगडी घेतलेला, तो. कुणी बोलत नव्हतं. पहाटेचं कुणीच बोलायचं नाही. उजाडायची वाट बघत नुसते बसायचे. कुठंतरी मेंढरू खोकल्यासारखं वाटलं. तिला फार बरं वाटत होतं.

रस्त्यावर लुना थांबली. बांधावरून पावलं आली आणि थबकली.

नागेश उभा होता. धुक्यात त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याच्या उभं राहण्यावरून तिला कळलं. तो लहान असताना त्याला ती रोज पहाटे बापासाठी चहाची किटली देऊन इथंच धाडायची. तो वाघरीपाशी यायचा आणि आत जायला भ्यायचा. लांबूनच हाक मारायचा. आता तो तसाच उभा होता, एक पाय पुढं, एक मागं. आणि त्यानं हाक मारली. मोठ्यानं नव्हे. अगदी हळू, आपलं आपल्याशी.

"आबा, उठा. च्या आणलाय."

बानूबाई हलली नाही. आपण हललो तर सगळेच उठून जातील असं तिला वाटलं. तोही पुढं आला नाही. धुक्याचे लोट दोघांमधून जात राहिले. मग थोडं विरळ झालं, घोंगडीखालून एक काडी दिसली असेल, मेख दिसली असेल. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि तो परत वळला. ती बऱ्याच वेळानं घरी आली. तो चुलीपुढं चहा पीत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही आणि त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. मनिषानं दोघांना विचारलं की काय झालंय, तर दोघंही म्हणाले, थंडी लई हाय.

शिवरात्र आली तोवर वारा पडला होता. बानूबाईचा उपास होता. तिनं चुलीत रताळी घातली आणि मोगऱ्यात गेली. एकेक झाड तिनं बोटांनी चाळलं, पानाखाली, पानाच्या बगलेत, शेंड्यावर. निम्मी झाडं काळी पडून गेली होती. निम्म्यांना पालवी होती, कोवळी, चकचकीत. कळी मात्र नव्हती. दुसऱ्यांदा चाळलं. ज्या झाडावर प्रयागबाईची घोंगडी होती ते झाड तिसऱ्यांदा चाळलं. नव्हती.

ट्रॅक्टर आला तेव्हा ती बांधावर बसली होती. शेजारी सगळ्या घोंगड्या उन्हात पसरलेल्या होत्या. ट्रॅक्टरवाला इंद्रजित भवानीनगरचा, नागेशच्या ओळखीचा, तरणा आणि घाईचा. त्यानं इंजिन चालूच ठेवलं. नागेश पुढं आला आणि त्यानं आईकडं पाहिलं.

खोटं बोलणं तिला जमलं असतं. पानाची घट्ट गुंडाळी दाखवून ही कळीच आहे म्हणाली असती, तर त्याला कुठं ओळखू येणार होतं.

"कळी न्हाय," ती म्हणाली. "पाला फुटलाय. कळी न्हाय."

मनिषा दारात उभी होती, तिनं डोळ्यांना पदर लावला. नागेश तसाच मोगऱ्यात शिरला. ओळीच्या पहिल्या झाडापाशी, जिथं मेखांची भोकं मातीत अजून दिसत होती, तिथं तो उकिडवा बसला. बानूबाईला त्याची पाठ दिसत होती. जोतीरामाची पाठ अशीच होती, उजवा खांदा थोडा खाली. हे तिनं आजपर्यंत कसं पाहिलं नव्हतं कोण जाणे. तो बसूनच राहिला. इंद्रजितनं एकदा भोंगा वाजवला, मग ओरडून विचारलं की सरळ घेऊ ना.

नागेश उठला, हाताची माती झटकली.

"हितनं वळीव," तो म्हणाला.

"वळीव? आर, सरी तुटंल की. आत काय हाय?"

"आत माणसं बसल्यात."

इंद्रजितनं मान लांब करून पाहिलं. उन्हात गुडघ्याएवढी झुडपं, निम्मी वाळलेली. त्यानं नागेशकडं पाहिलं, मग म्हातारीकडं पाहिलं. म्हातारी कालव्याकडं बघत होती. त्यानं खांदे उडवले आणि चाक वळवलं.

कळ्या आल्या त्या पाडव्याच्याही नंतर, आणि फार नाही आल्या. पहिल्या फुलांचा बानूबाईनं गजरा केला नाही. तिनं ती ओंजळभर फुलं प्रयागबाईच्या घोंगडीच्या घडीत घातली. बाकीच्यांच्या घोंगड्या केव्हाच घरोघर गेल्या होत्या, ही एकटी तिनं, रिकाम्या हातानं परत देववत नाही म्हणून, ठेवून घेतली होती. म्हातारीनं घडी मांडीवर घेतली, वाकून नाक लावलं आणि बराच वेळ तशीच राहिली. बानूबाईला वाटलं, चुकलं आपलं. घोंगडीचा वास आपण मोडला.

"धुतली न्हाईस नव्हं?" म्हातारीनं विचारलं.

"न्हाय, आक्का."

"मग असू दे," प्रयागबाई म्हणाली, आणि फुलं न काढताच घोंगडी तिनं पायांवर ओढून घेतली.